ठसा: हात, रंग आणि इतिहास

मराठीत ‘ठसा’ या एका शब्दाभोवती शब्दांचे मोठे कुटुंब नांदते. माणूस आपल्या कर्तृत्वाचा ठसा उमटवतो, वक्ता सभेवर छाप पाडतो, एखादा निर्णय पक्का झाला की त्यावर शिक्कामोर्तब होते. नाण्याला मुद्रा म्हणतात, चेहऱ्यालाही मुद्रा म्हणतात. पुस्तक छापण्याला मुद्रण आणि दस्तऐवजाच्या सरकारी कागदाला मुद्रांक. छापखाना आणि टाकसाळ हे शब्दही याच गोतावळ्यातले. ज्या समाजाच्या भाषेत एका कृतीने इतकी जागा व्यापली आहे, त्या समाजाच्या इतिहासातही त्या कृतीने तेवढीच जागा व्यापलेली असणार, हे उघड आहे.

कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही भेंडीचा देठाकडचा भाग कापून, तो रंगात बुडवून कागदावर फुले उमटवता. खोडरबर कोरून आपल्या नावाचा शिक्का करता. वर्तमानपत्राचे कपटे, सुतळी, पाने आणि रंग एकत्र आणून चित्र सजवता. परीक्षा जवळ आली की हाच तास सर्वांत आधी रद्द होतो. ‘हाताचे काम म्हणजे विरंगुळा, डोक्याचे काम म्हणजे अभ्यास’ अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत कोठून आली आणि ती खरी का नाही, हे पैठणच्या मातीतील पुरावे हाती घेऊन तपासण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

उलटे कोरावे, सुलटे उमटावे

ठशाचे मूळ तत्त्व एका ओळीत सांगता येते: जे डावीकडे कोरले ते उजवीकडे उमटते. ‘का’ हे अक्षर उमटवायचे असेल, तर काना ठशावर डावीकडे घ्यावा लागतो. ‘ठ’ हे अक्षर मात्र दोन्ही बाजूंनी सारखे असल्याने ते कसेही कोरले तरी बिघडत नाही. हत्ती उजवीकडे तोंड करून उभा राहायला हवा असेल, तर ठशावर त्याचे तोंड डावीकडे करावे लागते. म्हणजे ठसा कोरणाऱ्याला वस्तू आहे तशी दिसून भागत नाही. ती आरशात कशी दिसेल, हे त्याला मनात आधी पाहावे लागते. हे डोक्याचेच काम आहे आणि ते बोटांच्या टोकाशी चालते.

दुसरे तत्त्व खोलगट आणि उठाव यांतील फरकाचे. ओल्या मातीवर दाबायच्या मुद्रेत अक्षर आत खोल कोरतात. मग मातीवर ते फुगून वर येते. शाई किंवा रंग लावायच्या ठशात याच्या उलट करावे लागते. अक्षर तसेच ठेवून भोवतालचा भाग काढून टाकतात, कारण वर उरलेल्या भागालाच रंग लागतो. सिंधू संस्कृतीतील दगडी मुद्रा पहिल्या प्रकारच्या आहेत. आपल्यापासून फार दूर नसलेल्या, अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे उत्तर हडप्पा काळातील थरांत बटणाच्या आकाराच्या मातीच्या मुद्रा मिळाल्या असून त्यांवर सिंधू लिपीतील चिन्हे आहेत. याचा अर्थ, गोदावरीच्या खोऱ्यात मुद्रा वापरणारा माणूस सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच पोहोचला होता.

मातीवरील मुद्रेचे काम पुढे बौद्ध विहारांतही चालत राहिले. नालंदा महाविहाराच्या मातीच्या मुद्रांकनांवर मध्यभागी धम्मचक्र, त्याच्या दोन बाजूंना दोन हरिणे आणि खाली महाविहारातील भिक्खुसंघाचे नाव आहे. पत्र किंवा गठडी बांधून गाठीवर मातीचा गोळा लावायचा आणि त्यावर मुद्रा दाबायची, अशी ही रीत. गोळा अखंड असला तर वाटेत कोणी गाठ सोडली नाही याची खात्री पटे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही बौद्ध वचन उमटवलेली मातीची मुद्रांकने सापडली आहेत. एक मुद्रा कोरली की तेच वचन शेकडो वेळा उमटवता येते. छापखान्याची कल्पना बीजरूपाने येथे दिसते.

नाण्यावरील हत्ती आणि आईचे नाव

आपले पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या नगराचा उल्लेख पैठाण म्हणून येतो आणि येथून मौल्यवान दगड भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात नोंदवले आहे. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीने हे नगर पुळुमावी राजाचे राजधानीचे ठिकाण म्हणून नोंदवले.

सातवाहनांची नाणी शिसे, तांबे, चांदी आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत. नाणे पाडण्याची एक रीत ठशाचीच होती. तापवलेली धातूची चकती कोरलेल्या ठशावर ठेवायची आणि वरून दुसऱ्या ठशाने घाव घालायचा. सोंड उचललेला हत्ती, कमानी रचून केलेला डोंगर, दोन डोलकाठ्यांचे जहाज आणि चार वर्तुळे अधिक चिन्हाने जोडलेले, अभ्यासक ज्याला ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात ते चिन्ह, अशा आकृत्या या नाण्यांवर दिसतात. उज्जैन चिन्ह कोरणे तुलनेने सोपे, कारण ते चारही बाजूंनी सारखे असते. हत्ती कोरणाऱ्याला मात्र उलट्या दिशेचा विचार करावाच लागे.

नाण्यांच्या कडेने ब्राह्मी लिपीत राजाचे नाव येते आणि त्या नावात आईचे नाव असते: गौतमीचा पुत्र सातकर्णी, वासिष्ठीचा पुत्र पुळुमावी. दोन हजार वर्षांपूर्वी बाजारात हातोहात फिरणाऱ्या धातूच्या तुकड्यावर राजाची ओळख आईच्या नावाने सांगितली जात होती. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव नोंदवणे सक्तीचे केले. या दोन गोष्टींत दीर्घ अंतर आहे. राजाने आईचे नाव लावले म्हणून त्या काळातील सर्व स्त्रियांना प्रतिष्ठा होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही शिक्क्यावर कोणाचे नाव येते हा प्रश्न क्षुल्लक नाही, एवढे या तुलनेतून नक्की कळते.

ठशावर ठसा

ठशाचा इतिहास वाचण्यासाठी एक उत्तम उदाहरण आपल्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३ हजारांहून अधिक नाणी होती. ती सर्व मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची. पण त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि भोवती गौतमीपुत्राचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह.

राजाने ही नाणी वितळवली नाहीत. जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारला आणि तेच नाणे आपल्या नावाने चालवले. मात्र ठसा प्रत्येक वेळी नेमका बसला नाही, म्हणून कित्येक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्याचा आणि अक्षरांचा भाग नव्या डोंगराखालून डोकावत राहिला. इतिहासकारांना त्यामुळे दोन गोष्टी समजल्या. नहपान आधीचा आणि गौतमीपुत्र नंतरचा. आणि नहपानाच्या हातातील प्रदेश व धन गौतमीपुत्राच्या हाती आले. हा सारा युक्तिवाद एका साध्या निरीक्षणावर उभा आहे: वरचा ठसा नंतरचा असतो. चित्रावर थरावर थर देताना तुम्ही रोज हीच गोष्ट अनुभवता.

ठशामागचा हात

नाण्यावर राजाचे नाव असते. ठसा कोरणाऱ्याचे नसते. सातवाहन काळातील मातीच्या मूर्तींचेही तसेच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि आपले पैठण येथे पांढऱ्या चिकणमातीच्या सुबक मूर्ती मिळाल्या आहेत. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. एका साच्यात मूर्तीची पुढची बाजू, दुसऱ्यात मागची. दोन्ही अर्धुके ओली असतानाच जोडायची, म्हणजे आतून पोकळ आणि वजनाला हलकी मूर्ती तयार होते. पोकळ मूर्ती भाजताना तडकण्याची भीतीही कमी असते. ज्याने हे शोधून काढले त्याला मातीचे आकुंचन, ओलावा आणि आगीची आच यांचे पक्के ज्ञान होते. त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही.

एक नाव मात्र उरले आहे. आपल्या जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात पितळखोरे येथील लेण्यांत डोक्यावर पात्र घेतलेल्या, हसऱ्या, ठेंगण्या यक्षाची दगडी मूर्ती मिळाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर ब्राह्मी लेख असून ती मूर्ती कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, घडवली असे त्यात म्हटले आहे. सोन्यात नाजूक काम करणाऱ्या हाताने दगड हाताळला आणि त्याखाली आपले नावही कोरले. त्याच लेण्यांत प्रतिष्ठानच्या मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, स्तंभदान केल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी येतात. नाशिकच्या लेखांत विणकरांच्या श्रेणीकडे संघासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे. लेण्यांच्या भिंतींवर कारागिरांना स्वतःच्या व्यवसायासह स्वतःचे नाव नोंदवता आले, हे त्या काळच्या धम्माच्या सामाजिक आधाराविषयी बरेच काही सांगते.

पुढील शतकांत हात आणि लेखणी यांच्यात भिंत उभी राहिली. माती मळणारा, कातडे कमावणारा, लोखंड ठोकणारा, रंग उकळणारा तो खालचा. आणि जो यांपैकी काहीच करत नाही तो वरचा, अशी उतरंड रचली गेली. ‘जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमविभागणी’ असे तिचे समर्थन करणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात उत्तर दिले. जातीने कामांची वाटणी केली नाही, काम करणाऱ्या माणसांचीच बंदिस्त कप्प्यांत वाटणी केली, असा त्यांचा मुद्दा होता. कार्यानुभवाच्या तासाला ‘टाइमपास’ म्हणणाऱ्या समजुतीचे मूळ याच उतरंडीत आहे. म्हणून हा तास सन्मानाने घेणे ही एक सामाजिक भूमिकाही आहे.

निशाणी, मोर्तब आणि अंगठा

मराठेशाहीच्या कागदपत्रांत मुद्रेचा वापर नियमबद्ध होता. कागदाच्या माथ्यावर मुख्य शिक्का आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत राजमुद्रा आपण जाणतो. मजकुराच्या शेवटी उमटवायची मुद्रा वेगळी असे. शेवटचा शिक्का पडल्यावर मजकुरात पुढे कोणाला भर घालता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला नेहमीचा शब्द या दोन मुद्रांपासून झालेला आहे.

गावपातळीवरील न्यायनिवाड्याच्या कागदांना महजर म्हणत. त्यांवर ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या कामाच्या वस्तूचे चित्र निशाणी म्हणून काढी. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे त्याचे अवजार. या कागदांवर महारांचीही निशाणी आढळते, कारण गावच्या शिवेचा तंटा मिटवताना त्यांची साक्ष महत्त्वाची मानली जाई. शीव कोठून जाते हे ज्याच्या शब्दावर ठरे, त्यालाच गावाच्या आत राहण्याची मुभा नव्हती. एका छोट्या निशाणीत एवढी विसंगती साठवलेली आहे.

इंग्रजी अमदानीत निशाणीच्या जागी अंगठा आला. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. ठशांचे वर्गीकरण करण्याची जी पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली गेली, तिची गणिती बांधणी करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे, मिळाले. नाण्यावर राजाचे नाव आणि ठसा कोरणाऱ्याचे नाव गायब, हा जुनाच प्रकार येथे पुन्हा घडला.

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-आजींनी सावकाराच्या, तहसिलाच्या, रेशनच्या कागदांवर अंगठाच उमटवला. त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. निसर्गाने प्रत्येक बोटावर दिलेला ठसा दुसऱ्या कोणासारखाही नसतो. माणसाच्या वेगळेपणाची ती सर्वांत खरी खूण आहे. पण वाचता न येणाऱ्या माणसाची तीच खूण त्याला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवण्याचे निमित्त ठरली आणि कित्येकदा त्याच्या फसवणुकीचे साधनही झाली. अंगठ्यापासून सहीपर्यंतचा प्रवास आपल्या वस्त्यांमध्ये एका-दोन पिढ्यांत झाला. तुमच्या नावाचा शिक्का तुम्ही स्वतः कोरता, तेव्हा हा प्रवास आणखी एक पाऊल पुढे जातो.

रबरी शिक्क्याची गोष्ट

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधक मिसळून तापवलेले रबर लवचीक आणि टिकाऊ होते, असे आढळले. त्यानंतर काही दशकांत रबरी शिक्के वापरात आले. धातूचा ठसा खडबडीत कागदावर नीट टेकत नाही. रबर दाबले की कागदाच्या उंच-सखल भागाला बिलगते. म्हणून कमी जोर लावूनही ठसा स्पष्ट उठतो. कचेऱ्यांत, शाळांत, ग्रामपंचायतींत रबरी शिक्का स्थिरावला तो या सोयीमुळे. सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राजमुद्रा झाले. सम्राट अशोकाच्या काळात दगडात कोरलेली आकृती आज नाण्यांवर आणि शासकीय शिक्क्यांवर उमटते.

सोयीची वस्तू अविचाराचीही खूण बनते. स्वतःचा निर्णय न घेता केवळ मान डोलावणाऱ्या अधिकाऱ्याला आपण ‘रबरी शिक्का’ म्हणतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांसाठी, तसेच अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. अनेक गावांत सरपंचबाईंनी कारभार समर्थपणे हाती घेतला. काही ठिकाणी मात्र शिक्का बाईंच्या नावाचा आणि तो उमटवणारा हात दुसऱ्या कोणाचा, असेही घडले. कायद्याने शिक्का मिळतो. तो कोठे उमटवायचा आणि कोठे उमटवायला नकार द्यायचा, हे ठरवण्याची शक्ती शिक्षणातून येते.

थरावर थर

निरनिराळ्या वस्तू आणि रंग एकत्र आणून केलेल्या कलाकृतीला हल्ली मिश्रमाध्यम कला म्हणतात. नाव नवे असले, तरी रीत आपल्या ओळखीची आहे. अजिंठ्याची चित्रे पाहा. खडबडीत दगडी भिंतीवर माती, वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस यांचा जाड गिलावा; त्यावर अधिक बारीक थर; त्यावर चुन्याची पांढरी सफेदी; त्यावर रेखाटन आणि मग रंग. लाल व पिवळी गेरू, हिरवी माती, दिव्याची काजळी आणि निळ्या रंगासाठी अफगाणिस्तानाच्या बाजूने आलेला लाजवर्द दगड. रंग भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळत. खालचा थर खडबडीत ठेवला नाही तर वरचा थर धरत नाही, हा नियम तेथील चित्रकारांना जसा ठाऊक होता तसा तो तुम्हालाही पुठ्ठ्यावर काम करताना कळतो.

कागदाची परंपराही आपल्या जिल्ह्यात आहे. दौलताबादजवळच्या कागझीपुरा या गावात हातकागद करण्याची जुनी परंपरा आहे. चिंध्या आणि जुन्या कागदाचा लगदा जाळीवर उचलून, पाणी निथळवून, दाबून आणि वाळवून कागद करतात. ‘पैठण चित्रे’ म्हणून ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रेही कागदावरील आहेत. ठळक बाह्यरेषा, एका बाजूने दाखवलेले चेहरे, मोठे डोळे आणि सपाट भरलेले रंग ही त्यांची ओळख. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवत, म्हणजे कथा सांगणाऱ्याला एकच पान उलटसुलट दाखवता येई.

पाहुणे पैठणीच्या पदरावरील मोर पाहून तो छापलेला आहे का, असे विचारतात. त्यांना सांगावे की पैठणीवर ठसा नसतो. मोर, कमळ, आसावली हे सारे विणताना धाग्याधाग्याने घडते, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. छापलेल्या कापडाची उलटी बाजू फिकी असते. कापड उलटून पाहणे ही त्याची सोपी परीक्षा आहे.

वर्गातील कृती

पहिली कृती: नावाचा ठसा. नवे, रुंद खोडरबर घ्यावे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने आपल्या नावाचे पहिले अक्षर ठळक काढावे. कागद पालथा करून पेन्सिलीची बाजू रबरावर ठेवावी आणि पाठीमागून चमच्याने घासावे. रबरावर अक्षर आपोआप उलटे उतरते. वेगळा हिशेब करावा लागत नाही. मग अक्षराच्या भोवतालचा भाग सुमारे दोन-तीन मिलिमीटर खोल काढून टाकावा. पाते नेहमी दुसऱ्या हाताच्या विरुद्ध दिशेने चालवावे आणि लहान वर्गांतील मुलांसाठी कोरण्याचे काम शिक्षकांनी करावे. अक्षराची कड आतल्या बाजूला तिरकी कापू नये. पायथा रुंद ठेवावा, म्हणजे ठसा लवकर तुटत नाही.

दुसरी कृती: रंगाची गादी. बशीत स्पंजचा तुकडा किंवा चौपदरी सुती कापड ठेवून त्यावर पोस्टर रंग पसरावा. रंग साईइतका दाट असावा. पातळ झाला तर तो ठशाच्या खाचांत उतरतो आणि अक्षर बुजते. पहिले दोन-तीन ठसे रद्दीवर घ्यावेत. कापडावर उमटवायचे असल्यास कापडाचा रंग वापरावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी. हळदीचा रंगही करून पाहावा. हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यात बुडवलेला ठसा उमटवला तर तेथे तांबडी आकृती दिसते, कारण साबणाच्या क्षारधर्मामुळे हळदीचा रंग बदलतो.

तिसरी कृती: मिश्रमाध्यम चित्र. पुठ्ठ्यावर फाडलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे फेविकॉलने चिकटवून खडबडीत पाया करावा. त्यावर फिका रंग द्यावा आणि वाळू द्यावा. काही भागांवर मेणबत्ती घासून वरून पाणरंग फिरवावा. मेण लागलेल्या जागी रंग धरत नाही आणि खालचा थर दिसत राहतो. मग पाने, सुतळी, भेंडी यांचे ठसे. आधी फिके रंग, नंतर गडद. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. घाई केल्यास सगळे रंग मिसळून मातकट होतात.

चौथी कृती: जोगलटेंभीचा खेळ. एका विद्यार्थ्याने कागदावर आपला ठसा उमटवावा. दुसऱ्याने वेगळ्या रंगाने त्याच जागी थोडा सरकवून आपला ठसा मारावा. तिसऱ्याने, ज्याने हे पाहिले नाही, कोणता ठसा आधीचा आणि कोणता नंतरचा ते कारणासह लिहावे. ज्याची रेषा कोठेही तुटलेली नाही तो वरचा. इतिहासाची पुराव्याधारित पद्धत शिकवण्यासाठी यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

पाचवी कृती: कर्त्याची नोंद. प्रत्येक चित्राच्या मागे चित्र करणाऱ्याचे नाव, आईचे नाव, तारीख आणि वापरलेल्या साहित्याची यादी लिहावी. भिंतीवर चित्र लावताना ही चिठ्ठी खाली लावावी. कण्हदासाने यक्षाच्या हातावर जे केले तेच आपण पुठ्ठ्याच्या पाठीवर करतो आहोत.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील साच्यांची आणि ठशांची यादी करा: मोदकाचा साचा, रांगोळीचे छाप, शिधापत्रिकेवरील शिक्का, आणखी काय?

२. पैठणच्या बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालयाला भेट द्या. एखादी साच्यातून काढलेली वस्तू निवडा आणि तिचा साचा कसा असेल त्याचे चित्र काढा.

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: त्यांनी कागदावर पहिल्यांदा सही कधी केली? त्याआधी अंगठा कोणत्या कागदांवर दिला होता? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

४. ‘शिक्का’ या शब्दाचे पाच वाक्प्रचार शोधा. ‘जातीचा शिक्का’ या प्रयोगात शिक्का कोणी मारलेला असतो आणि तो कोणावर बसतो, याची वर्गात चर्चा करा.

चौथ्या प्रश्नावर दोन वाक्ये लिहून थांबतो. माणसाच्या कपाळावर दुसऱ्याने मारलेला शिक्का आणि माणसाने स्वतः विचार करून, स्वतःच्या हाताने कोरलेला ठसा, या दोहोंत जेवढे अंतर आहे तेवढे अंतर आपल्याला शिक्षणाने चालून जायचे आहे. तुमच्या हातातील खोडरबराचा तुकडा लहान आहे, पण त्यावर काय कोरायचे हे आता तुम्ही ठरवणार आहात.